उत्क्रांती आणि ईमान : जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मुस्लिम शिक्षिकेची भूमिका

खाडीकाठची (धागाकर्ती)

मी मुंब्र्यात राहते आणि ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता, असे मी वर्गात शिकवते आणि ते मला पुराव्यांनिशी पटलेलेही आहे. हे विश्व अल्लाहने निर्माण केले, कुराण हा त्याचा शब्द आहे आणि कयामतच्या दिवशी मला माझ्या प्रत्येक कृत्याचा हिशेब द्यायचा आहे, हेही मी तितक्याच मनापासून मानते. या दोहोंपैकी एक तरी सोडल्यावाचून गत्यंतर नाही, असे मला माझे काही नातेवाईकही सांगतात आणि विज्ञानवादी स्नेहीही सांगतात. मला ते मान्य नाही. उत्क्रांती स्वीकारण्यासाठी मला कुराणात तिचा दाखला शोधावा लागत नाही, आणि अल्लाहवर विश्वास ठेवण्यासाठी उत्क्रांतीच्या पुराव्यांत फटी शोधाव्या लागत नाहीत. आमच्या समाजात या विषयावर जो वाद होतो, त्यातला बराचसा या दोन अनावश्यक शोधांतून जन्मतो, असे माझे मत आहे.

आधी पुराव्याबद्दल लिहिते, कारण त्याच्याकडे न पाहताच पुष्कळ जण निकाल देऊन मोकळे होतात. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जनुक म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. आज त्याच्या निष्कर्षाची तपासणी अशा साधनांनी करता येते, ज्यांची त्याला कल्पनाही नव्हती. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. त्या प्रक्रियेतल्या शेवटच्या पायरीला लागणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक आपल्या शरीरातही आहे, परंतु ते मोडलेल्या अवस्थेत आहे, आणि म्हणूनच आपल्याला आवळा, पेरू, लिंबू खावे लागते. हेच जनुक चिंपांझीत, गोरिलात आणि माकडांतही निकामी झालेले आहे आणि त्यातल्या बिघाडाच्या कित्येक खुणा आपल्याशी जुळतात. गिनीपिगमध्येही ते निकामी आहे, पण तिथला बिघाड वेगळा आहे, कारण तो स्वतंत्रपणे घडला. गुणसूत्रांचे उदाहरणही असेच आहे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात आणि आपल्या पेशींत २३. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जुळून बनलेले आहे. एरवी गुणसूत्राच्या टोकाशी असणारे क्रम त्याच्या पोटात सापडतात आणि दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे (गुणसूत्राच्या मध्यसंधीचे) अवशेषही तिथे दिसतात. हा पुरावा नाकारायचा, तर ज्या अल्लाहला मी सत्य मानते त्यानेच आपल्या शरीरात फसवी चिन्हे ठेवली, असे म्हणावे लागेल. ते म्हणायला माझे ईमान, म्हणजे माझी श्रद्धा, तयार होत नाही.

ऐरोलीला खाडीवर ओहोटीच्या वेळी मी विद्यार्थ्यांना घेऊन जाते. तिवरांच्या श्वसनमुळांमधल्या काळ्या चिखलात निवटी दिसते. ही मासळीच आहे, पण पाण्याबाहेर येऊन पुढच्या दोन परांवर शरीर उचलत, खेचत ती पुढे सरकते. डोळे डोक्याच्या वर असतात आणि मध्येच खोबणीत ओढून घेऊन ती ते ओले करते. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरलेले असल्यामुळे गाल फुगलेले दिसतात, आणि अंगाच्या ओल्या कातडीतूनही ती श्वास घेते. "मॅडम, ही बेडूक व्हायला निघाली आहे का?" असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच. मी सांगते की ती कशाच्याही वाटेवर नाही. ती तिच्या चिखलासाठी पूर्ण आहे. परंतु मासा आणि चार पायांचा प्राणी यांच्या मधली अवस्था जगूच शकत नाही, हा जो आक्षेप घेतला जातो, त्याचे उत्तर आपल्या दारात आहे. प्रत्यक्ष पूर्वजांच्या नात्यातला प्राणी पाहायचा असेल, तर कॅनडाच्या उत्तर टोकाला २००४ साली सापडलेल्या टिक्टालिकच्या जीवाश्माकडे पाहावे लागते. तो सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याला माशाचे खवले आणि कल्ले होते, पण मान वळत होती आणि परांत मनगटासारखी हाडे होती.

एकदा तिथेच एका मुलाने कुराणाच्या सूरह नूर या अध्यायातली आयत (वचन) म्हटली, जिच्यात अल्लाहने प्रत्येक जीव पाण्यापासून निर्माण केला, त्यांतले काही पोटावर सरपटतात, काही दोन पायांवर चालतात आणि काही चार पायांवर, असे सांगितले आहे. "म्हणजे कुराणात हे आधीच आहे ना?" असे त्याने विचारले. ती आयत मला अतिशय प्रिय आहे. तरीही मी त्याला सांगितले की तिचा असा उपयोग करू नकोस. आयत आपल्याला निर्मात्याकडे पाहायला सांगते. तिला जीवशास्त्राचे प्रमेय केले, तर उद्या शास्त्रातला एखादा तपशील बदलेल तेव्हा आयतही बदलायची का? विज्ञान स्वतःला दुरुस्त करत पुढे जाते आणि तेच त्याचे बळ आहे. अल्लाहच्या शब्दाला अशा दुरुस्तीच्या दावणीला बांधणे मला अदब सोडल्यासारखे वाटते. कुराण मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते : पृथ्वीवर फिरा आणि त्याने निर्मितीला सुरुवात कशी केली ते पाहा. ही आज्ञा सूरह अनकबूतमध्ये आहे. तिच्यात निष्कर्ष दिलेला नाही, पाहायला सांगितले आहे. मी वर्गात आणि खाडीवर जे करते, ते मला या आज्ञेचे पालन वाटते.

या बाबतीत मला सर्वांत मोठा आधार थोर इस्लामी धर्मशास्त्रज्ञ इमाम गझालींचा आहे. त्यांना निधन पावून नऊशे वर्षांहून अधिक काळ लोटला (इ. स. ११११). तत्त्वज्ञांचे खंडन करणाऱ्या आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी ग्रहणाचे उदाहरण घेतले आहे. चंद्र आणि सूर्य यांच्यामध्ये पृथ्वी आली की चंद्रग्रहण होते, हे गणिताने सिद्ध झालेले असताना जो माणूस धर्माच्या नावाने ते नाकारतो, तो धर्माचीच हानी करतो, असे ते म्हणतात. कारण ज्याला ते गणित समजले आहे, तो गणितावर शंका घेणार नाही, धर्मावर घेईल. मुंब्र्यातल्या आणि राबोडीतल्या किती हुशार मुलांच्या बाबतीत हेच घडते आहे, याची मला मनापासून काळजी वाटते. बारावीत जीवशास्त्र नीट शिकलेल्या मुलाला "हे मानलेस तर तू मुसलमान राहत नाहीस" असे सांगितले, की काही मुले पुस्तक मिटतात आणि काही मुले गुपचूप मशिदीत जाणे बंद करतात. दोन्ही प्रकार मी जवळून पाहिले आहेत.

आता खऱ्या अडचणीकडे येते. पृथ्वीचे वय हा आमच्यासाठी प्रश्न नाही, कारण कुराणात पृथ्वीच्या वयाचा आकडा नाही. वनस्पती आणि प्राणी यांच्या उत्क्रांतीविषयीही फारसा अडसर नाही. प्रश्न आहे पहिला मनुष्य मानलेल्या हजरत आदम अलैहिस्सलाम यांचा. सूरह साद मध्ये अल्लाह म्हणतो की त्याला मी माझ्या दोन्ही हातांनी निर्माण केले. सूरह आले-इम्रान मध्ये ईसा (येशू) अलैहिस्सलाम यांची तुलना आदमशी केली आहे, की आदमला मातीपासून निर्माण केले, मग 'अस्तित्वात ये' म्हटले आणि तो झाला. बहुसंख्य उलेमा (धर्मपंडित) यावरून आदमना आई-वडील नव्हते असे मानतात. या आयतींवरून हात झटकून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. आज मुस्लिम अभ्यासकांत याविषयी ढोबळमानाने चार मते दिसतात. काही जण उत्क्रांती पूर्ण नाकारतात. काही जण माणूस वगळून बाकी सगळी मानतात. काही जण मनुष्यजातीचीही उत्क्रांती मानून केवळ आदमचा अपवाद करतात, आणि काही जण कोणताच अपवाद करत नाहीत. जे वचनात नाही त्याबद्दल होकार वा नकार न देता थांबावे, या तवक्कुफच्या रीतीचा उपयोग डेव्हिड सॉलोमन जलाजेल या मुस्लिम अभ्यासकांनी या प्रश्नासाठी केला आहे : आदम चमत्काराने निर्माण झाले असे मानले, तरी त्या काळी पृथ्वीवर उत्क्रांत झालेली माणसे नव्हतीच असे कुराण सांगत नाही, आणि त्यांच्या संततीचे या माणसांशी संबंध जुळले नाहीत असेही सांगत नाही.

मी तिसऱ्या आणि चौथ्या मताच्या मध्ये उभी आहे आणि तिथे उभे राहण्याची मला भीती वाटत नाही. आजच्या मानवांतली जनुकीय विविधता पाहता आपले पूर्वज कोणत्याही काळी केवळ दोनच होते असे दिसत नाही. तो समूह काही हजारांच्या खाली गेला नसावा. एका विशिष्ट व्यक्तीच्या निर्मितीबद्दल मात्र जनुकशास्त्र होय किंवा नाही म्हणू शकत नाही. ज्याच्या खांद्यावर अमानत (नैतिक जबाबदारी) ठेवली गेली, जी आकाशांनी, पृथ्वीने आणि पर्वतांनी उचलण्यास नकार दिला होता, तो पहिला मनुष्य म्हणजे आदम. त्यांच्या शरीराचा इतिहास कसा होता, हे मी अल्लाहवर सोपवते.

---

पारसिकचा_वारा

अस्सलामु अलैकुम आपा. मी कळव्याचा. आपण विषय मांडलात याबद्दल आभार, परंतु मला एक खटकते. आपल्या उलेमांनी हजारो वर्षे नव्हे तरी शेकडो वर्षे जो अर्थ सांगितला, तो पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या सांगण्यावरून आपण का बदलावा? आज उत्क्रांती मानली, उद्या आणखी काही मानावे लागेल. कुठे तरी रेषा आखावीच लागेल ना?

खाडीकाठची

वालेकुम अस्सलाम. तुमचा प्रश्न रास्त आहे. रेषा मीही आखते. अल्लाहचे एकत्व, प्रेषितत्व, आखिरत (मृत्यूनंतरचे जीवन), माणसाची जबाबदारी या गोष्टी माझ्यासाठी चर्चेच्या नाहीत, आणि त्यांना उत्क्रांती स्पर्शही करत नाही. पण "पाश्चात्त्य" या शब्दापाशी मला थांबावेसे वाटते. इब्न खल्दून या मुस्लिम इतिहासकारांनी १३७७ साली लिहिलेल्या इतिहासाच्या प्रस्तावनेत खनिजे, वनस्पती, प्राणी आणि शेवटी वानरांच्या पायरीवरून विचार करणारा माणूस अशी चढती मालिका सांगितली आहे. त्यांना मी उत्क्रांतीचे जनक म्हणणार नाही, कारण नैसर्गिक निवडीची (परिस्थितीला जुळणारे गुण टिकून पुढे जाण्याची) कल्पना त्यांच्याकडे नाही आणि असे श्रेय ओढून घेणे मला पटत नाही. परंतु माणसाला इतर प्राण्यांच्या शेजारी ठेवून विचार केल्याने त्यांचे ईमान ढळले, असे कोणी म्हटलेले नाही.

एकोणिसाव्या शतकातही उलेमांचा सूर एकच नव्हता. जमालुद्दीन अफगाणी या विचारवंतांनी डार्विनची खिल्ली उडवली, तर त्याच पिढीतल्या हुसेन अल-जिस्र या तेव्हाच्या सीरियातल्या (आजच्या लेबनॉनमधल्या) आलिमांनी १८८८ च्या सुमारास असे मांडले की उत्क्रांती निर्विवादपणे सिद्ध झाली, तर संबंधित आयतींचा अर्थ त्यानुसार लावता येईल. आपल्याकडे सर सय्यद अहमद खान अल्लाहची कृती आणि अल्लाहचा शब्द यांच्यात विरोध असू शकत नाही या भूमिकेवर ठाम राहिले. आज जॉर्डनमध्ये राना दजानी या रेण्वीय जीवशास्त्रज्ञ हिजाब घालून विद्यापीठात उत्क्रांती शिकवतात आणि तेही श्रद्धेने. तेव्हा ही आपल्या घरातली जुनी चर्चा आहे, बाहेरून लादलेली नाही.

---

ऐरोलीकर

ताई, तुम्ही आयतीचा शास्त्रीय पुरावा म्हणून उपयोग करू नये असे लिहिलेत, ते मला फार महत्त्वाचे वाटले. आमच्याकडेही दशावतार म्हणजेच उत्क्रांती, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम पाहा, असे व्याख्यानांतून सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. दुसरीकडे जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच राज्यात, औरंगाबादेत, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, असे विधान केले. २०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि १८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. तुर्कस्ताननेही २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमातून हा विषय काढण्याचे जाहीर केले होते. म्हणजे हा एका धर्माचा प्रश्न नाही.

खाडीकाठची

अगदी बरोबर. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे, याचा मला शिक्षिका म्हणून आनंद वाटतो. अकरावीला येणाऱ्या मुलांपैकी कोणाचा तो धडा झाला आहे आणि कोणाचा नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळते. ज्यांचा झालेला नसतो त्यांना प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू कसे तयार होतात हेही नीट समजावून सांगता येत नाही, कारण नैसर्गिक निवड वगळली की त्या प्रक्रियेचा कणाच निघून जातो.

---

नास्तिक_ठाणेकर

तुमचा प्रामाणिकपणा आवडला. तरीही विचारतो. नैसर्गिक निवड कोणत्याही हेतूशिवाय चालते आणि उत्परिवर्तने (जनुकांतले बदल) गरज पाहून होत नाहीत. मग या सगळ्यात अल्लाहला करण्यासारखे काय उरते? आणि लक्षावधी जीव तडफडून मरतात तेव्हा कुठे एखादा गुण टिकतो. इतकी निर्दय पद्धत दयाळू निर्मात्याने का निवडावी?

खाडीकाठची

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला सोपे वाटते, दुसऱ्याचे नाही.

पाऊस अल्लाह पाडतो, असे कुराण पुनःपुन्हा सांगते. नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प आणतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो, हे आमच्या मदरशात जाणारी मुलेही शाळेत शिकतात. आजवर एकाही मौलानांनी भूगोलाच्या या धड्याला हरकत घेतलेली मी ऐकलेली नाही, आणि हा धडा शिकलेल्या कोणीही जून कोरडा गेल्यावर पावसासाठी दुआ मागणे सोडलेले नाही. वाऱ्यांना कारण मानल्याने पावसाचा कर्ता नाहीसा होत नाही, तर नैसर्गिक निवडीला कारण मानल्याने जीवांचा कर्ता का नाहीसा व्हावा? उत्परिवर्तने जीवाची गरज पाहून होत नाहीत, एवढेच शास्त्र सांगते. ती अल्लाहच्या ज्ञानाबाहेर आहेत असे ते सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. त्याला ठाऊक असल्याशिवाय एक पानही गळत नाही, अशी माझी श्रद्धा आहे. तिची चाचणी प्रयोगशाळेत करता येत नाही, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच ती मी वर्गात शिकवत नाही.

दुसरा प्रश्न मला अस्वस्थ करतो. बीटा थॅलेसेमियाचे एक सदोष जनुक असलेल्या व्यक्तीला मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते, आणि म्हणून ते जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकून राहिले. पण आई आणि वडील दोघांकडूनही ते आले, तर त्या बाळाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. नैसर्गिक निवडीचा हिशेब जिथे जुळतो, तिथे त्या आईचा हिशेब जुळत नाही. मी एवढेच म्हणू शकते की ही वेदना उत्क्रांतीच्या सिद्धांताने निर्माण केलेली नाही. डार्विनच्या आधीही मुले मरत होती आणि अपार दुःख सोसणाऱ्या अय्यूब अलैहिस्सलाम या प्रेषितांची कहाणी त्याच्याही कितीतरी आधीची आहे. उलट त्या जनुकाचा इतिहास समजल्यामुळे लग्नाआधी रक्ततपासणी करा, असे मी नात्यांतल्या मुलामुलींना ठामपणे सांगू शकते, आणि ते सांगणे मी माझे धार्मिक कर्तव्यही मानते. यापलीकडे माझ्याकडे असलेले उत्तर श्रद्धेचे आहे, आणि ते तुम्हाला पुरेसे वाटावे असा माझा आग्रह नाही.

नास्तिक_ठाणेकर

मला ते पुरेसे वाटत नाही, पण तुम्ही प्रश्न टाळला नाहीत हे नोंदवतो. पावसाच्या मुद्द्यावर विचार करतो आहे.

---

वाशीची_आई

ताई, माझी मुलगी दहावीत आहे. ती घरी कुराण शिकायला येणाऱ्या उस्तादांकडे एक ऐकते आणि शाळेत दुसरे. गेल्या आठवड्यात ती मला विचारत होती की परीक्षेत मानवी उत्क्रांतीवर प्रश्न आला तर खरे काय ते लिहायचे की पुस्तकातले. मी काय सांगू?

खाडीकाठची

बहन, तिला सांगा की पुस्तकातले तेच लिहायचे आणि ते घोकून न लिहिता समजून लिहायचे. त्यात खोटेपणा होत नाही, कारण उत्तरात ती शास्त्राला काय आढळले ते सांगते आहे, आणि शास्त्राला तेच आढळले आहे. क जीवनसत्त्वाच्या जनुकाचे उदाहरण तिच्यासोबत बसून वाचा. दहावीच्या मुलीला ते सहज समजते. हजरत आदम यांच्याविषयी तिने विचारले, तर हा प्रश्न उघडा ठेवूनही ईमान राखता येते आणि मोठमोठे अभ्यासक तसे करतात, हे तिला नि:संकोच सांगा. सगळ्या प्रश्नांचा निकाल पंधराव्या वर्षी लागला पाहिजे, असे तिला वाटता कामा नये.

आणि कृपया तिला उस्तादांच्या विरोधात उभे करू नका. ते तिला तजवीद (कुराणपठणाचे नियम) शिकवतात, अदब शिकवतात, तिचे त्यांच्यावर प्रेम असणार. त्यांच्याशी तुम्ही किंवा तिच्या अब्बांनी वेगळे बोलावे आणि डार्विनपासून सुरुवात न करता इमाम गझालींच्या ग्रहणाच्या उताऱ्यापासून करावी. तो उतारा त्यांनी वाचलेला असण्याची बरीच शक्यता आहे. माझ्या मोहल्ल्यातल्या एका मौलानांशी मी अशाच रीतीने बोलले होते. उत्क्रांती त्यांना अजूनही मान्य नाही, पण ती मानणाऱ्याला दीनबाहेर (धर्माबाहेर) काढू नये, एवढे ते आता मुलांना सांगतात. पुढच्या भरतीओहोटीचे वेळापत्रक पाहून मी ऐरोलीच्या फेरीची तारीख इथे टाकेन; मुलीला घेऊन या, आणि उस्तादांना यावेसे वाटले तर त्यांनाही.